दुभाषी मुलीने घर सोडायचे की नाही?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : ठाण्यात नौपाड्यात राहणारी २६ वर्षांची एक तरुणी लिहिते की तिचे आई-बाबा दोघेही जन्मापासून कर्णबधिर आहेत, तिला आणि तिच्या १९ वर्षांच्या भावाला मात्र ऐकू येते. बाबा रबाळ्याच्या एका कारखान्यात फिटर आहेत, आई घरी शिवणकाम करते. सात वर्षांची असल्यापासून बँक, दवाखाना, सोसायटीची सभा, गॅसवाला, नातेवाइकांचे फोन या सगळ्या ठिकाणी आई-बाबांची दुभाषी तीच आहे. भावाला खुणांची भाषा ‘जेवण’, ‘पैसे’, ‘कधी येणार’ एवढीच येते. आता तिला बेंगळुरूत चांगली नोकरी मिळाली असून महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा आहे. त्यातच इमारतीचा पुनर्विकास निघाला आहे, आणि मामा-मामी म्हणतात, ‘त्यांना तुझ्याशिवाय कोण आहे?’ ती १२ वर्षांची असताना आईच्या शस्त्रक्रियेविषयी डॉक्टरांनी सांगितलेले तिला आईपर्यंत नीट पोहोचवता आले नव्हते, आणि ते अजून तिच्या मनातून गेलेले नाही. नोकरी नाकारायची असे तिने जवळजवळ ठरवले आहे. ते बरोबर आहे ना, असा तिचा प्रश्न आहे.

उत्तर :

तुमचे पत्र पाच पानांचे आहे. आई-बाबांसाठी तुम्ही काय काय करता ते त्यात आहे, मामा काय म्हणाले ते आहे, शेजारच्या काकूंनी न विचारता दिलेले मतही आहे. बेंगळुरूच्या नोकरीबद्दल आई-बाबांना काय वाटते याविषयी मात्र मला कुठेच काही सापडेना, आणि शेवटच्या पानावर, कंसात, त्याचे कारण मिळाले : त्यांना तुम्ही अजून सांगितलेलेच नाही. ‘उगाच काळजी करत बसतील’ असे तुम्ही लिहिता. म्हणजे ज्या दोघांसाठी ही नोकरी नाकारायची, ते दोघे वगळून बाकी सगळ्यांचे मत घेऊन झाले आहे. तुम्हाला दुखवण्यासाठी हे लिहीत नाही. पण दुसऱ्या पानावर तुम्ही ज्या बँक कर्मचाऱ्यावर चिडला आहात, तोही समोर बसलेल्या बाबांकडे न पाहता तुम्हाला विचारतो, ‘यांना काय हवंय?’ आणि बाबांच्याच खात्याविषयीचे सगळे बोलणे तुमच्याशी उरकतो. तुमच्या आणि त्याच्या हेतूंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बाबांच्या वाट्याला येते ते मात्र तेच.

ही सवय किती सहज लागते ते मला ठाऊक आहे, कारण मलाही ती लागली होती. काही वर्षांपूर्वी एका कर्णबधिर शिक्षिकेची मुलाखत घेताना मी जवळजवळ तासभर दुभाषी मुलीकडे पाहत ‘त्यांना विचारा’, ‘त्या काय म्हणतात’ असे बोलत राहिले. शेवटी बाईंनी माझ्याच वहीचा कोपरा ओढून घेऊन त्यावर लिहिले, ‘मी इकडे आहे.’ ते पान मी अजून फाडलेले नाही.

तुमच्या सगळ्या विचाराच्या तळाशी एक गृहीतक आहे : तुमच्याशिवाय ते असहाय आहेत. ते तपासून पाहायला बाहेरचा पुरावा आणण्याची गरज नाही, तुमच्या पत्रातलाच पुरेसा आहे. ठाणे स्थानकावर ट्रान्स-हार्बरची गाडी ऐन वेळी दुसऱ्या बाजूला लागणार असल्याची घोषणा होते आणि इंडिकेटरवर जुनेच काहीतरी झळकत राहते, तेव्हा बाबा माणसांचे पाय पाहतात, असे तुम्ही लिहिले आहे. चार-सहा पाय घाईने वळले की घोषणा झाली असे समजायचे आणि आपणही वळायचे. ठाणे-तुर्भे लोकल २००४ मध्ये सुरू झाली तेव्हापासून ते याच मार्गाने रबाळ्याला जातात. वर्षातून दोन-तीनदा गाडी चुकते, मग ते पुढच्या गाडीने जातात. कान शाबूत असलेली माणसेही तेच करतात. कुकरच्या शिट्ट्या आई वाफेकडे पाहून आणि ओट्यावर तळहात टेकवून मोजते, आणि तिचा भात कधी गिचका झाल्याचे तुमच्या भावालाही आठवत नाही. ब्लाउजच्या गळ्याचा आकार ती गिऱ्हाइकासमोर कागदावर काढते, गिऱ्हाईक त्यावर बोट फिरवून ‘अजून खोल’ किंवा ‘एवढा नको’ दाखवते, आणि काम पुढे सरकते. दर रविवारी संध्याकाळी ठाण्यातच तलावपाळीवर कर्णबधिरांचा कट्टा भरतो, कल्याणपासून वाशीपर्यंतची मंडळी येतात आणि आई-बाबा रात्री साडेदहाशिवाय घरी परतत नाहीत. तिथे त्यांना दुभाषी लागत नाही. लागलाच तर तुमच्या मामांना लागेल.

बाबांचे बँकेत अडते आणि तलावपाळीवर अडत नाही. माणूस तोच, कानही तेच. बँकेत त्यांची भाषा जाणणारे कोणी नाही, खिडकीवरचा माणूस मान खाली घालून बोलतो आणि पुढचा क्रमांक ओरडून पुकारला जातो, म्हणून अडते. ही उणीव बँकेची आहे. तिची भरपाई तुम्ही १९ वर्षे स्वतःच्या वेळेतून करत आलात, आणि ती इतक्या बिनबोभाट केलीत की बँकेला आपल्याकडे काही उणे आहे हे कळण्याचे कारणच उरले नाही.

आता त्या १२ वर्षांच्या मुलीकडे येते, कारण पत्राचे खरे वजन तिथे आहे. डॉक्टरांच्या खोलीत तुम्ही दोघी होतात. ‘गर्भाशय काढावे लागेल’ असे ते म्हणाले. सहावीतल्या मुलीला गर्भाशय म्हणजे नेमके काय ते ठाऊक नव्हते, त्याची खूण ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. तुम्ही हातांनी सांगितले : पोट, खराब, कापणार, पाच दिवस इथे. आईने मान हलवली, संमतिपत्रावर सही केली, आणि नेमके काय काढले हे तिला काही महिन्यांनी कट्ट्यावरच्या मैत्रिणीकडून समजले. ‘मी तिला फसवले’ असे तुम्ही लिहिता.

त्या खोलीत चूक झाली, पण ती तुमची नव्हती. दुभाषाचे काम हा शिकून करायचा व्यवसाय आहे. त्याच्या शिक्षणात खुणांबरोबरच आपल्या पदरचे न घालता, न गाळता सांगणे येते, आणि ऐकलेले त्या दाराबाहेर न नेणेही येते. समोरचा मजकूर आपल्याला समजला नाही तर थांबून डॉक्टरांनाच पुन्हा विचारायचे, हेही त्यात शिकवले जाते. मोठी माणसे हे शिकायला काही वर्षे घेतात. तुमच्याकडून ते गणवेशात, शाळेतून परस्पर आणून, करून घेतले गेले. शिवाय आईच्या बाजूने पाहा. पाळीविषयी, अंगावर जाण्याविषयी, शस्त्रक्रियेनंतरच्या संसाराविषयी तिला त्या डॉक्टरांना काही विचारायचे असणारच. ते तिने १२ वर्षांच्या लेकीच्या तोंडून कसे विचारावे? कागदावर तिची सही आहे. तिला समजावून दिले होते का, हे पाहण्याचे काम सही घेणाऱ्याचे होते. आईशी या दिवसाबद्दल एकदा बोला, असे मी सुचवेन. त्यात क्षमा मागायची नाही; तेव्हा आपल्याला काय समजले होते आणि काय नाही, एवढेच सांगायचे. तिच्याकडेही त्या दिवसाची तिची एक हकिगत असेल, जी तुम्ही कधी पाहिलेली नाही.

त्याच ओघात तुम्ही एक गोष्ट अगदी सहज लिहून गेला आहात, तिच्यापाशी मला थांबावेसे वाटते. ‘कधी कधी मी गाळून सांगते.’ लग्नकार्यात मामी काही लागट बोलल्या तर ते तुम्ही आईपर्यंत जाऊ देत नाही. मागच्या वर्षी बाबांच्या साखरेच्या अहवालातले आकडे तुम्ही त्यांना थोडे सौम्य करून सांगितलेत. दोन्ही गोष्टी मायेपोटी केल्या. पण १९ वर्षांत जबाबदारीसोबत एक अधिकारही तुमच्या हाती आला आहे : त्यांनी काय जाणायचे आणि काय नाही, हे तुम्ही ठरवता. ५४ वर्षांच्या, तीन दशके कारखान्यात काम केलेल्या माणसाला स्वतःच्या रक्तातली साखर खरी किती आहे ते कळायला हवे. मामी काय म्हणाल्या ते आईला कळले, तर कदाचित ती मामींना चांगले उत्तर देईल, आणि ते मामींपर्यंत पोहोचवण्याचे काम निदान आवडीचे असेल.

हा मुद्दा पुनर्विकासाच्या बाबतीत कायद्याचाही होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम १३ नुसार दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता धारण करण्याचा, स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः पाहण्याचा आणि इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमतेचा हक्क आहे. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे, जी तुमच्यासारख्या घरांत फारशी कोणाला माहीत नसते : एखाद्या आर्थिक किंवा मालमत्तेच्या व्यवहारात आधार देणाऱ्याचे आणि त्या व्यक्तीचे हितसंबंध परस्परांना छेदत असतील, तर आधार देणाऱ्याने त्या व्यवहारापुरते बाजूला व्हायचे असते. दबाव आणायचा नाही आणि खासगीपणा जपायचा, हेही तिथे नमूद आहे. घर आई-बाबांचे आहे आणि पुढे ते तुम्हा भावंडांकडे येणार आहे. विकासकाकडून रोख रक्कम जास्त घ्यावी की चौरस फूट जास्त घ्यावे, यात तुमचे मत त्यांच्यापेक्षा वेगळे असू शकते, आणि असणे गैरही नाही. अशा व्यवहारात तुम्हीच त्यांचे कान आणि तुम्हीच त्यांचा आवाज, हे तुमच्याही दृष्टीने बरे नाही. उद्या भाऊ म्हणेल, ‘ताईने त्यांना काय सांगितले कोण जाणे.’ तेव्हा करारनाम्याच्या चर्चेपुरता बाहेरचा, शिकलेला दुभाषी घ्या. बेंगळुरूला गेलात तरी घ्या, न गेलात तरी घ्या.

असा दुभाषी मिळणे सोपे नाही, हे मान्य करते. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याची अक्षमता असलेल्यांची नोंद ५० लाखांहून अधिक झाली, आणि त्या मानाने प्रशिक्षित दुभाषी फारच थोडे आहेत. मुंबई परिसरात एक सोय आहे ती अशी की वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे आणि तिथे दुभाषी घडवणारा अभ्यासक्रम चालतो. चौकशीची सुरुवात तिथून करावी. दुभाषाने प्रत्यक्ष यायलाच हवे असेही नाही. दवाखान्यात टेबलावर मोबाइल उभा करून व्हिडिओ कॉलवर पाऊण तास काम होऊ शकते. फक्त वेळ आधी ठरवावी लागते, दुभाषाचा मोबदला द्यावा लागतो आणि मोबाइल हातात न धरता कशाला तरी टेकवून ठेवावा लागतो, नाहीतर खुणा करायला एकच हात उरतो. मोबदल्याचे नाव काढले की आपल्याकडे पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण आजवर हे काम घरची मुलगी फुकट करत आली.

खर्च कोणी करायचा? दिव्यांग हक्कांच्या त्याच अधिनियमाच्या कलम २५ नुसार सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांत दिव्यांगांना अडथळ्याविना वावरता आले पाहिजे, आणि या कायद्याने केलेल्या ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येत सांकेतिक भाषा, म्हणजे खुणांची भाषा, स्पष्टपणे येते. म्हणून रुग्णालयाला आणि बँकेला आधी लेखी मागणी करावी : अमुक तारखेला येणार आहोत, सांकेतिक भाषेच्या दुभाषाची व्यवस्था करावी, ती होत नसल्यास तसे लेखी कळवावे. पहिल्या पत्राने दुभाषी हजर होईल असे मी म्हणणार नाही. पण पत्राची पोच असली की पुढे पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार नेता येते. तोंडी सांगितलेल्याचे काहीच करता येत नाही. बँकेच्या मोबाइलवरच्या केवायसीचा त्रास तुम्ही लिहिला आहे. त्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल केवायसी दिव्यांगांना वापरता येईल अशी करण्याचे निर्देश दिले आहेत, आणि अर्जात त्या निकालाचा उल्लेख केल्याने काहीच बिघडत नाही. पत्रे बाबांच्या नावाने, बाबांच्या सहीने जावीत. मजकूर लिहायला तुम्ही मदत करा.

‘त्यांना लिहून दाखवा की’ असा सोपा उपाय लोक सुचवतात, आणि तो अर्धाच का चालतो हे तुम्ही कुणाला समजावून सांगू शकला नाहीत असे दिसते. खुणांची भाषा ही मराठीची हातांनी केलेली नक्कल नाही. तिचे व्याकरण वेगळे आहे. ‘काय’, ‘कुठे’ हे प्रश्न वाक्याच्या शेवटी येतात. ‘मी तुला देतो’ आणि ‘तू मला देतोस’ यांत खूण तीच राहते, फक्त हाताची दिशा उलटते. आणि भुवया उंचावल्या की साध्या विधानाचा प्रश्न होतो. गेला-गेली-गेले हा आपला प्रत्ययांचा पसारा तिथे नाही. म्हणून बाबांसाठी मराठी ही दुसरी भाषा आहे, आणि तीही त्यांना धड शिकवली गेली नाही. शाळेत खुणा केल्या की हातावर पट्टी बसायची, ही त्यांनी तुम्हाला सांगितलेली आठवण एका माणसाची नाही. १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने खुणांऐवजी तोंडी बोलण्यावर भर देण्याचा ठराव केला आणि जगभरच्या शाळांत त्याचे पडसाद शंभर वर्षांहून अधिक काळ उमटत राहिले. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडावे लागले, व्हँकुव्हरच्या परिषदेत. ज्या हातांवर लहानपणी पट्ट्या बसल्या, ते बँकेच्या रांगेत मोकळेपणाने उठत नाहीत, आणि आपण त्याला ‘बाबा बुजतात’ असे म्हणतो.

मामांचा दावा असा की ते सावकाश बोलले की तुमच्या आईला ओठांवरून सगळे समजते. त्यांना आरशासमोर उभे करून आवाज न काढता ‘बाबा’, ‘मामा’ आणि ‘पापा’ म्हणायला सांगा. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. क, ख, ग तर घशातच राहतात. तुमची आई ओठांवरून जे ओळखते त्यातले बरेचसे ती संदर्भावरून जुळवते, आणि जिथे जुळत नाही तिथे मान हलवून वेळ मारून नेते. डॉक्टरांच्या खोलीतही तिने मानच हलवली होती.

लिहिलेले वाचायला वेळ आणि सवड मिळाली तर बाबांचे काम पुष्कळ सोपे होईल, हेही तितकेच खरे. सोसायटीला त्यांनी कळवावे की सभेची विषयपत्रिका आणि विकासकाचे प्रस्ताव साध्या मराठीत, आठ दिवस आधी हवेत. पुनर्विकासाच्या सभेचे चित्रीकरण शासनाच्या निर्देशांनुसार करावेच लागते. त्याची प्रत मागून घेतली तर दुभाषाबरोबर बसून ती सावकाश पाहता येते, आणि कोण काय बोलले याचा वादही उरत नाही. बोललेले लगेच अक्षरांत दाखवणारी मोबाइलमधली सोय आता मराठीतही आहे, पण एका वेळी चौघे बोलणाऱ्या सभेत तिचा गोंधळ उडतो. (हे वाचणाऱ्या सोसायटी सचिवांना एक आगंतुक सूचना : एका वेळी एकाने, हात वर करून बोलावे. कर्णबधिर सभासद नसला तरी त्याने सभा लवकर संपते.)

घरातल्या घंटेसारख्या गोष्टींवर फार शब्द खर्च करत नाही, कारण त्या पैशाने सुटतात. दारावरच्या बटणाबरोबर खोलीतला दिवा लुकलुकेल अशी घंटा बसवता येते, उशीखाली थरथरणारे गजराचे घड्याळ मिळते, आणि दारावरची घंटा किंवा धुराचा इशारा ओळखून थरथरणारी सोय बऱ्याच नव्या मोबाइलमध्ये असते. अपरात्रीच्या संकटासाठी ११२ चे ॲप मोबाइलमध्ये घालून ठेवा आणि दोन शेजाऱ्यांकडे घराची किल्ली द्या. काकूंना मत द्यायची हौस आहे, तर एक किल्ली त्यांच्याकडे.

आता तुमचा भाऊ. त्याच्याविषयी तुम्ही दोनच ओळी लिहिल्या आहेत आणि त्यातही त्याची बाजू घेतली आहे : ‘त्याला जमत नाही, लहान आहे.’ तो १९ वर्षांचा आहे. तुमच्या हाती हे काम आले तेव्हा तुम्ही सात वर्षांच्या होतात. कर्णबधिर आई-बापांच्या घरात दुभाषाचे काम थोरल्या मुलीकडे जाते, हे मी या निमित्ताने ज्यांच्याशी बोलले त्या सगळ्यांनी सांगितले, आणि कोणालाही त्यात नवल वाटले नाही. पण भावाचे खरे नुकसान वेगळेच आहे. त्याला स्वतःच्या आई-बापांशी बोलता येत नाही. जेवताना तो तुम्हाला सांगतो, तुम्ही आईला सांगता, आई तुम्हाला, तुम्ही त्याला. उद्यापासून जेवणाच्या ताटावर दुभाषाचे काम बंद करा. पहिले चार दिवस घर विचित्र शांत वाटेल. मग त्याला मीठ हवे असेल, रात्री उशिरा यायचे असेल, पैसे का हवेत हे समजावायचे असेल, आणि हात आपोआप उठतील. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ मध्ये शब्दकोश १०,००० शब्दांपर्यंत नेला आहे, त्यातल्या चित्रफिती पाहून शब्द शिकता येतात. तरी त्याचे शिक्षक घरातच बसले आहेत, आणि बाबा यात कंटाळणार नाहीत असे तुमच्या पत्रावरून वाटते.

राहता राहिला निर्णय. नोकरी नाकारलीत तर ती गेल्याचे दुःख तुम्हाला होईल, ते तुम्ही लपवाल, आणि ज्यांनी आयुष्यभर चेहरे वाचले आहेत त्या दोघांपासून ते लपणार नाही. कारण न सांगता मुलगी उदास का राहते, हे कोडे त्यांच्या माथी येईल. उलट, काहीही न बदलता तुम्ही निघून गेलात, तर पहिल्याच महिन्यात बँकेतून, दवाखान्यातून, सोसायटीच्या जिन्यातून तुम्हाला व्हिडिओ कॉल येऊ लागतील आणि तुम्ही बेंगळुरूच्या कार्यालयात बसून ठाण्याची दुभाषी व्हाल. म्हणून कंपनीकडे रुजू होण्यासाठी चार-सहा आठवडे मागा. अशी मागणी सर्रास केली जाते. त्यातले पहिले पंधरा दिवस घरी राहूनच, घरी नसल्यासारखे वागा. गॅसवाल्याशी बाबा बोलतील, दवाखान्याची वेळ भाऊ घेईल, सोसायटीला पत्र बाबा देतील. कुठे अडते ते एका वहीत लिहा, पण लगेच उठून सोडवायला जाऊ नका. हेच सगळ्यांत कठीण जाईल. पंधरा दिवसांनी वहीत जे उरेल तेवढाच तुमच्या जाण्याचा खरा प्रश्न. तो मोठा निघाला, म्हणजे आईची तब्येत सध्या तुम्ही लिहिलेल्यापेक्षा नाजूक असली, किंवा करारनामा ऐन रंगात आलेला असला, तर नोकरी पुढे ढकलण्यात किंवा नाकारण्यातही काही चूक नाही. गेलात तर व्हिडिओ कॉलने मदत करण्याची वेळ ठरवून घ्या, रात्री आठ ते नऊ म्हणा, आणि त्यातली निम्मी तरी कामाशिवायच्या गप्पांना ठेवा. तुमच्या पत्रात तुम्ही आई-बाबांचे इतके बोलणे लोकांना सांगितले आहे, पण त्यांच्याशी तुमचे स्वतःचे बोलणे मला फार दिसले नाही.

आणि ते ‘जाऊ नको’ म्हणाले तर? म्हणू शकतात. २६ वर्षांची मुलगी परगावी निघाली की ऐकू येणारे बापही तेच म्हणतात, आणि त्यांच्याशी वाद घालून, रुसून, मनधरणी करून मुली निघतात किंवा थांबतात. तसेच भांडा. त्यांच्याशी भांडायला तुम्हाला कधी सवडच मिळालेली नाही, कारण दर वेळी तुम्ही त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणाशी तरी भांडत होतात. मामांचे ‘त्यांना तुझ्याशिवाय कोण आहे’ हे वाक्य मात्र जसेच्या तसे, न गाळता, आई-बाबांना खुणांनी सांगा आणि उत्तर त्यांच्यावर सोपवा. मामा आईचे सख्खे भाऊ आहेत आणि ५० वर्षांत त्यांनी बहिणीची भाषा शिकलेली नाही, हे आईच त्यांना सांगू शकेल.

येत्या रविवारी ते तलावपाळीहून परतले की बोला. संध्याकाळभर स्वतःच्या भाषेत गप्पा मारून आलेली माणसे त्या वेळी सैलावलेली असतात. खोलीतले सगळे दिवे लावा आणि खिडकीकडे किंवा ट्यूबलाइटकडे पाठ करून बसू नका, चेहरा अंधारात जातो. टीव्ही बंद, मोबाइल पालथा. भावाला तुमच्या मागे उभे राहू देऊ नका. तुमच्या शेजारी, पण आई-बाबांना त्याचे हात दिसतील असा बसवा, आणि नोकरीची बातमी सांगून झाली की त्याने काय करायचे ठरवले आहे ते त्याचे त्याला सांगू द्या, चुकला तरी.